नातीस जाऊ द्यावे ही विनंती

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून मी सेवानिवृत्त झालो तेव्हापासून, अंबाजोगाईत ज्या कोणास सरकारदरबारी काही मागावयाचे असेल त्याने आधी आमच्या ओसरीवर येऊन चहा घ्यावा आणि मग अर्जाचा मसुदा घेऊन जावे, असा जो शिरस्ता पडून गेला आहे, त्याचे श्रेय मी स्वतःकडे कधीच घेत नाही. ते इतरांनी द्यावे आणि मी सविनय नाकारावे एवढीच माझी माफक अपेक्षा असते. वारसाचा फेर, विहिरीचा हिस्सा, पाणंदीवरचे अतिक्रमण, मयताच्या नावचा सातबारा, यांपैकी ज्यावर माझ्या हातचा अर्ज कोणत्या ना कोणत्या दप्तरात धूळ खात पडलेला नाही असा विषय तालुक्यात उरलेला नाही. त्यांतले कित्येक नामंजूर झाले हे खरे; पण नामंजुरीचा शेरा मारण्यापूर्वी प्रांतसाहेबांनी भाषेची तारीफ केली हे मी स्वकर्णी ऐकलेले आहे, आणि अर्जदाराचे झालेले नुकसान वगळता त्या प्रकरणांत खेद मानावा असे मला काही आढळले नाही.

जूनच्या आरंभी एका रात्री माझ्या 9 वर्षांच्या नातीचे राष्ट्र बदलले तेव्हा ती आमरस खात होती. तिकडे टेक्सासात सकाळ होती आणि आमचे चिरंजीव उजवा हात वर करून अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेत होते. तिथल्या, 2001 पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये, कायम वास्तव्याचा परवाना असलेले आणि आईबापांपाशी राहणारे 18 वर्षांखालचे अपत्य, बापाची शपथ पुरी होते त्याच क्षणी आपोआप अमेरिकन होते. मग ते अपत्य सुटीपुरते आजोबांच्या स्वयंपाकघरात, गुडघ्यापर्यंत रस सांडून बसलेले का असेना. वेळेचा हिशेब मी मागाहून मांडून पाहिला तो असा, की आमरसाची पहिली वाटी तिने भारतीय म्हणून संपविली आणि दुसरी परकीय नागरिक म्हणून. तिसरी तिने मागितली, ती तिच्या आजीने राष्ट्रीयत्वाची कसलीही चौकशी न करता वाढली. त्या शपथेत म्हणे परदेशच्या सर्व राजेरजवाड्यांवरील निष्ठा सोडावी लागते. आमच्या घराण्याने ज्याच्याशी निष्ठा राखली असा शेवटचा राजा म्हणजे हैदराबादचा निजाम, आणि 17 सप्टेंबर 1948 नंतर ती निष्ठा त्यांच्या वतीने कोणी मागावयास आलेले नाही. तरी चिरंजीवांनी ती एकदाची रीतसर सोडली हे बरेच झाले.

येथवर सर्व आनंदाचे होते. पेच पडला तो पोरीच्या परतीच्या वेळी. अमेरिकेचा कायदा म्हणतो, अमेरिकन माणसाने अमेरिकेत शिरताना अमेरिकेचेच पारपत्र दाखविले पाहिजे. आमचा कायदा म्हणतो, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याने आमचे पारपत्र वापरता कामा नये, कारण दोन नागरिकत्वे एका अंगावर घालण्याची मुभा आपल्या राज्यघटनेने कोणासही ठेवलेली नाही. तेव्हा तिचे नवे पारपत्र मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून काढणे आले. ही वकिलात एके काळी ब्रीच कँडीस, वांकानेरच्या राजेसाहेबांच्या जुन्या महालात समुद्राचे वारे खात होती. 2011 पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात काचेच्या इमारतींच्या शेजारास गेली आहे. पारपत्र मिळाले, कोरे करकरीत मिळाले, आणि नेमका तोच त्याचा दोष ठरला. त्यावर भारताचा व्हिसा नव्हता, विमानतळावर उतरल्याचा शिक्का नव्हता. म्हणजे कागदोपत्री जी मुलगी भारतात कधी आलीच नव्हती, तिला भारतातून जावयाचे होते. या तर्कात मला कोठेही खोट काढता आली नाही, आणि परक्याच्या तर्कात खोट काढता येत नाही तेव्हा मला जो मनस्ताप होतो तो येथे सांगून संपणारा नाही. अशा प्रसंगी सरकारकडून निर्गमनाची परवानगी काढावी लागते.

परवानगीच्याही आधी एक लहानसे कर्तव्य होते. ज्याच्या घरी परकीय नागरिक मुक्कामास असेल त्याने 24 तासांच्या आत तशी वर्दी द्यावी, असा दंडक आहे. तो लॉजवाल्यांपुरता असावा अशी माझी समजूत. पण नाही, आजोबांनाही त्यात सवलत ठेवलेली नाही. त्या वर्दीच्या रकान्यांत पाहुणा कोठून आला, येथून कोठे जाणार, आणि येण्याचा हेतू काय, असे विचारलेले असते. हेतूच्या जागी मी ‘आजी व आंबे’ असे लिहिले. सेवा केंद्रातल्या मुलाने ते खोडून ‘नातेवाइकांची भेट’ असे केले. राहत्या घराचा पुरावा म्हणून विजेचे बिल जोडले, तर ते आमच्या वडिलांच्या नावावर निघाले. वडील कैलासवासी होऊन एक तप लोटले तरी बिल ते भरत आहेत असाच महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचा रिवाज आहे, आणि त्यात बदल करण्याचा अर्ज, मी इतका लिहिणारा असून, माझ्या हातून झालेला नाही.

राष्ट्र बदलण्याचा प्रकार तसा आमच्या घराण्यास नवा नव्हे. चिरंजीवांनी त्यासाठी विमानात बसण्याची तसदी घेतली एवढेच. वडिलांनी या गावास मोमिनाबाद म्हणत असत तेव्हा निजामाची प्रजा म्हणून जन्म घेतला, 1948 साली ते भारतीय झाले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्याचे आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचे झाले, आणि या सर्व काळात त्यांच्या बैठकीची जागा ओसरीच्या डाव्या खांबापाशी कायम होती. आजोबा मात्र इंग्रजी मुलखातल्या बार्शीहून आलेले. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर मुल्की असल्याचा दाखला लागे, आणि 1919 च्या फर्मानाप्रमाणे बाहेरच्या माणसाने 15 वर्षे राज्यात काढून, मूळ गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे तेव्हा तो मिळे. आजोबांनी तसे लिहून दिले. पुढे ते दर साली बार्शीस भगवंताच्या दर्शनाला जात आणि तेथेच वर्षाची तूरडाळ भरून आणीत. पण जाण्याचा विचार त्यांनी सोडला होता, नुसते जात होते, असे आजी म्हणे.

असो. मी अर्ज लिहावयास बसलो. कोणत्याही चांगल्या अर्जास पूर्वदाखला लागतो, आणि अल्पवयीन मुलाच्या निर्गमनाचा पूर्वदाखला आमच्या गावाइतका जुना कोणाकडे असणार? पुढे आमच्या गावचे झालेले संतकवी दासोपंत 1551 साली बीदरजवळच्या नारायणपेठेस जन्मले. त्यांचे वडील दिगंबरपंत देशपांडे यांनी दुष्काळात सरकारी धान्य रयतेस वाटले, सारा थकला, आणि बीदरच्या बादशहाने पैशांच्या बदल्यात त्यांचा मुलगा ठेवून घेतला. महिन्याच्या मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाचा धर्म बदलण्यात येईल, असा हुकूम सोडला. मुदतीच्या अखेरीस दत्ताजी पाडेवार नावाचा एक अपरिचित इसम दरबारात आला, सर्व बाकी रोख मोजून भरणा केली, मुलास सोडविले आणि अंतर्धान पावला. तो इसम म्हणजे साक्षात दत्तात्रेय, असे आख्यायिका सांगते. भाविकांचे डोळे येथे पाणावतात. माझे डोळे, कचेरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पावतीकडे लागतात. भरणा कोणत्या सदरात जमा केला? पाडेवाराने मुलाशी नाते काय म्हणून सांगितले? आईबापांचे संमतिपत्र त्याच्यापाशी नव्हते, कारण आईबापांना त्याचा पत्ताच नव्हता. मग मूल त्याच्या स्वाधीन कोणत्या नियमाखाली करण्यात आले? बादशहाच्या दप्तरी माझ्यासारखा एक जरी कारकून असता तरी दत्तप्रभूंना दोन साक्षीदार आणि राहत्या ठिकाणाचा पुरावा आणण्यासाठी परत जावे लागले असते, आणि तिन्ही लोकी ज्याचा संचार त्याने राहत्या ठिकाणाचा पुरावा कोणत्या गावचा द्यावा? तो पुरावा मिळाला नसता तर मुदत टळली असती, पोर तेथेच राहिले असते, आणि अंबाजोगाईत येऊन रोज ढबू पैशाची शाई संपविणारा, गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या रचून कागद अपुरा पडला म्हणून की काय चक्क पासोडीवर पंचीकरण लिहून काढणारा हा महापुरुष मराठीस लाभला नसता. विस्ताराने लिहिण्याची जी यत्किंचित शक्ती माझ्या अंगी आहे ती याच गावच्या पाण्याची, असे मी मानतो; लोकही तसेच म्हणतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो.

हे सर्व मी अर्जात घेतले. शिवाय मुल्की दाखला घेतला, बार्शी घेतली, आणि ज्या 1946 च्या कायद्याखाली माझी नात परकी ठरत होती तो कायदा बीड भारतात येण्याच्या 2 वर्षे आधीचा आहे, तेव्हा आमच्यात वडीलकी त्याचीच, हेही नम्रपणे नमूद केले. (1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, ही हकीकत त्याच्या आधीची.) मजकूर वाचून दाखविला तेव्हा मंडळी भाजी निवडीत होती. सर्व ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “अहो, समदं झालं, पण ह्यात पोरीला जाऊ द्या असं कुठंच नाही की.”

मी पाने पुन्हा चाळली. खरेच नव्हते. ‘सबब’ येथपर्यंत लेखणी आली होती आणि तेथून ती प्रत्येक वेळी दासोपंतांकडे वळली होती. परक्यांच्या विहिरी आणि बांध मागताना जी कधी अडखळली नाही ती ही लेखणी. पण जे मंजूर होऊ नये असे अर्जदारास आतून वाटते ते मागण्याचा तिला सराव नव्हता. आईबापांनी मूल परगावी शिकावयास धाडावे यात नवल नाही, आजोबांनी स्टँडवर जाऊन पिशवी गाडीत चढवावी यातही नाही. पण ते मूल आपल्या घरातून जावे म्हणून आजोबांनी हात जोडून सरकारची विनवणी करावी, पुरावे गोळा करावेत, आणि उत्तर लवकर यावे म्हणून खटपट करावी, हा प्रकार कोणत्या शिरस्त्यात बसतो हे मला आजही कळलेले नाही.

सेवा केंद्रात आमच्या पुढे एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती. आईबाप दसरा झाला की कोयत्यावर जातात, मुकादमाची उचल घेतलेली, कारखाना कर्नाटकातला. अवघा हंगाम पोरगे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत आणि फडाच्या कडेला. त्याच्या शाळेच्या दाखल्यासाठी ती आली होती. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखांनी माणसे ऊसतोडीस जातात, त्यांच्या काखेतली पोरे राज्याची सीमा ओलांडून जातात आणि येतात, आणि कोणी त्यांना संमतिपत्र विचारीत नाही, मुक्काम कोठे म्हणून विचारीत नाही, हेतू तर नाहीच नाही. माझ्या हातातल्या जाड पुडक्याची मला तेव्हा लाज वाटली, हे खोटे नाही. म्हातारीने मात्र ते पाहून सहानुभूतीने विचारले, “लई मोठी केस हाय का?”

केंद्रातल्या मुलाने माझा मसुदा आदराने हातात घेतला, उलटून पाहिला आणि बाजूस ठेवला. 2018 पासून हे सर्व संगणकावर होते आणि कारणाच्या चौकोनात फारशी अक्षरे मावत नाहीत, असे त्याने सांगितले. मग त्याने दोन बोटांनी टंकलेखन केले: ‘शाळा उघडणार आहे. नातीस जाऊ द्यावे ही विनंती.’ इतके अलंकारहीन गद्य माझ्या नावावर यापूर्वी कधी गेलेले नव्हते.

परवानगी आली, आणि ती इतक्या मुकाट्याने आली, की भाषेची तारीफ करणारा शेरा कोठे असेल म्हणून मी कागद उलटूनही पाहिला. पोर गेली.

ती गेल्यावर रिकामपणी मी कायदे वाचू लागलो. बापाने आपले नागरिकत्व येथे प्रतिज्ञेने जाहीर करून सोडले असते तर लेकरास सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत मागता आले असते. पण परदेशी शपथ घेताच ते आपोआप सुटले असेल तर ती वाट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये एका प्रकरणात सांगितले आहे. उरते ते परदेशी झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड. त्यावर तिला आयुष्यभर हवे तेव्हा येता येईल, मत देता येणार नाही, आणि शेतजमीन खरेदी करता येणार नाही. मी ती हयातीत बक्षीसपत्राने देऊ म्हणालो तरी चालणार नाही. वारसाहक्काने मात्र चालते. म्हणजे माळावरची आमची जिरायत पट्टी नातीच्या नावावर चढण्यास सरकारला जो एकमेव कागद मान्य आहे तो माझ्या मृत्यूचा दाखला. हे मी चिरंजीवांना फोनवर कळविले तेव्हा तिकडे बराच वेळ कोणी बोलले नाही; नंतर “अण्णा, तिकडं पाऊस झाला का?” असे विचारण्यात आले.

पण त्याच कायद्यात मला एक रत्न सापडले. ओसीआय कार्ड कोणास मिळावे हे सांगताना, 15 ऑगस्ट 1947 नंतर जो प्रदेश भारतात आला तेथील मूळ माणसाचाही उल्लेख आहे, आणि पुढच्या पोटकलमात त्याची मुले, नातवंडे, इतकेच नव्हे तर पणतवंडेही आली आहेत. वाचणारे येथे गोवा आणि पाँडेचेरी समजत असतील. पण मोमिनाबाद? आमचे तीर्थरूप? मी त्याच रात्री ताव काढले आणि पणजोबांच्या नात्याने तिचा हक्क कसा सिद्ध होतो याचे टिपण, निजामापासून आरंभ करून, बैठक न मोडता लिहून काढले. त्यात प्रार्थनाही होती, पहिल्याच पानावर होती. चिरंजीवांना ते पाठविले. ती स्वतःच जन्माने भारतीय असल्याने पहिल्याच रकान्यात बसते, टिपणाची गरज नाही, असे त्यांचे उत्तर आले. मी त्यांना उलट लिहिले आहे की, गरज नसली तरी ते सोबत जोडावे. दप्तरी राहील, आणि एखाद्या साहेबाच्या वाचण्यात आले तर आलेच.