फोटोवाले भाऊंचा चातुर्मास

आषाढी एकादशीला विठोबा पंढरपूरच्या गर्दीत उभा असतो आणि त्याच दिवशी विष्णू शेषावर आडवा होतो. केळझरचे फोटोवाले भाऊ दोघांनाही मानतात, पण अनुकरण दुसऱ्याचं करतात. द्वादशीला शटर अर्धं वर करून, खाली प्लास्टिकची खुर्ची टाकून ते जे बसतात ते कार्तिकीपर्यंत. कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: “तारीख नाई ना, राजेहो.”

असे भाऊ एकट्या केळझरात नाहीत. सेलू, सिंदी, देवळी, आर्वी, जिथे मंगल कार्यालय आहे तिथे ते आहेत. लगीनसराईत यांना ओळख दाखवायलाही फुरसत नसते. वैशाखात वर्ध्याचा पारा 45च्या वर जातो, नवरदेवाचा फेटा घामाने सैल होतो आणि भाऊ एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर लाइट घेऊन वरातीपुढे उलटे चालत असतात. सकाळी हळद, दुपारी लग्न, रात्री दुसऱ्या गावचं रिसेप्शन. पंगतीत यांचं पान शेवटी, तेव्हा मठ्ठा संपलेला असतो. चीनमधल्या कंपन्यांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, असा जो शिरस्ता पाडला होता, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये बेकायदा ठरवला. भाऊंच्या मे महिन्यात तो शिरस्ता म्हणजे अर्धी सुट्टी झाली असती.

त्यामुळे चातुर्मास हा त्यांचा हक्क आहे. तो कोणी मालकाने दिलेला नाही, पंचांगाने दिला आहे, आणि पंचांग कधीकधी हात सैल सोडतं. 2023मध्ये श्रावण अधिक आला आणि 29 जूनपासून 23 नोव्हेंबरपर्यंत देव झोपून राहिले. भाऊंनी तेव्हा तक्रार केली नाही. तक्रार केली ती 2024च्या मे-जूनमध्ये, गुरू-शुक्राचा अस्त होऊन ऐन सीझनमध्ये मुहूर्तांचा दुष्काळ पडला तेव्हा. विश्रांती वेळेवरच हवी, हे त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यातल्या विश्रांतीला ते बेकारी म्हणतात.

या हक्कावर चहूबाजूंनी हल्ले होतात. पहिला हल्ला हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याचा. “मामा, रोज एक रील टाका. फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स काढा. झोपेतही पैसे यायला पाहिजेत.” भाऊंना यातला झोपेचा भाग तेवढा पटतो. भाचा मग व्हिडिओ पाठवतो: पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल. या विषयावर रॉबिन शर्मांचं अख्खं पुस्तक 2018मध्ये आलं आहे. केळझरात ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत ते सगळे पिढ्यानपिढ्या पाचच्या आधी उठत आले. त्यांच्या आयुष्यात नेमकं काय बदललं, हे भाऊ भाच्याला समोरच्या दूधवाल्याकडे बोट दाखवून विचारतात. व्हिडिओ कॉलवर बोट नीट दिसत नाही.

दुसरा हल्ला थोरामोठ्यांचा. ऑक्टोबर 2023मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडून आठवड्याला 70 तासांची अपेक्षा केली. 2025च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांनी ती 90वर नेली आणि घरी बसून बायकोकडे बघणार तरी किती वेळ, असंही विचारलं. भाऊंनी ते मोबाइलवर दोनदा ऐकलं. “आठ महिने लोकायच्या नवऱ्या पाह्यतो, चार महिने आपली पाहू द्या ना!” वहिनींनी आतून सांगितलं की पाहून झालं असेल तर गॅसचा नंबर लावा.

भाऊंकडे यावर पुराणातला दाखलाही आहे. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, आणि भीमाने बकासुर मारला तो इथेच, ही गावची श्रद्धा. (एरंडोलही हाच दावा सांगतं. भाऊंसमोर एरंडोलचं नाव काढू नये.) गोष्टीत भीम गाडाभर अन्न घेऊन जातो आणि राक्षसाला हाक मारून स्वतःच जेवायला बसतो. बकासुर येऊन पाठीत गुद्दे घालतो, तरी हा घास सोडत नाही. जेवण उरकल्यावरच उठतो. “आधी जेवण, मंग काम,” भाऊ टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दिशेने हात जोडून म्हणतात, “अन् काम झालं का नाई मंग?”

दुसरा दाखला जवळचा आणि इतिहासातला. 1938मध्ये विनोबांची प्रकृती ढासळली होती, वजन 88 पौंडांवर आलं होतं. ते पवनारला निघाले. गाडी धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा आपण सगळं सोडलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि आश्रमाची, संस्थांची चिंता खरोखर बाजूला ठेवली. रोज थोडं खोदकाम, बाकी डोकं रिकामं. दहा महिन्यांत 40 पौंड वजन वाढलं. एवढ्या कामसू माणसाने असं ठरवून रिकामं होणं, हे मला भीमापेक्षा मोठं वाटतं. आता त्याच पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 800 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे. समृद्धी तर सेलू तालुक्यातून आधीच गेली, ताशी 120च्या वेगाने. तालुक्यात ती फारशी थांबत नाही, ही भाऊंची तिच्याबद्दलची एकमेव टिप्पणी.

भाऊ खरंच काही करत नाहीत का? दुपारी दुकानात जाऊन पाहावं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि एकदा का काचेच्या आत पांढरी जाळी पसरली की हजारोंचा ऐवज भंगारात. म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात लेन्सा आणि सोबत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. दाणे निळे असतात. हवेतला ओलावा पिऊन गुलाबी झाले की भाऊ ते वहिनींच्या तव्यावर मंद आचेवर परततात. दाणा दाणा हलवत, निळा रंग परत येईपर्यंत. गुलाबीचा निळा होताना तासभर निघून जातो, आणि भाऊ तेवढा वेळ कोणाचा फोन घेत नाहीत. नंतर त्याच तव्यावर भाकरी टाकायची की नाही, यावर घरात दर पावसाळ्यात नव्याने चर्चा होते.

शिवाय वैशाखातले अल्बम असतातच. फोटो निवडायला पार्टी दोन महिने लावते, मामाचा फोटो राहिला म्हणून पुन्हा महिनाभर भांडते. आळस आणि तत्त्व यांचं भाऊंमधलं प्रमाण सांगणं अवघड आहे. तत्त्वाला भोकंही आहेत. बौद्ध लग्नांना मुहूर्त लागत नाही, आणि भर पावसात एखाद्या रविवारचं बोलावणं आलं तर भाऊ पंचांगाचं नाव न काढता निघतात. ड्रोनचा हप्ता चातुर्मास पाळत नाही.

पोळ्याला मात्र ते पैसे घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून ओढत आणणारी पोरं, घामेजलेले बाप, नंदीच्या शिंगाला बांधलेला फुगा. भाऊ दिवसभर जमिनीवर मांडी ठोकून पोरांच्या उंचीवरून फोटो काढतात. भाचा म्हणतो, हे विकता येईल. भाऊ म्हणतात, “तूच ईक तिकडं आंबे.”

परवा नागपूरहून फोन आला. प्री-वेडिंग करायचंय, टेकडीवर, हिरवळ आहे तोवर.

“चातुर्मास हाये, साहेब.”

“प्री-वेडिंगला कुठे मुहूर्त लागतो, भाऊ?”

भाऊंनी खुर्ची सरळ केली. समोरून रेट ऐकला, तो पुन्हा एकदा म्हणून घेतला. “मंगळवारी नका येऊ, देवळात गर्दी राह्यते. बुधवारी या.”

“सहाला पोचतो. सकाळचा लाइट मस्त असतो ना?”

“दहाले या. ढग हायेत, लाइट दिवसभर एकसारखाच राह्यते.”