हॉल, बंगई आणि दोन हुक

"काय करून राहिली व बाई?" घरामागच्या सांदवाडीतून शेजारच्या काकूंची हाक आली की मी आधी गॅस बंद करते. हाक लहान असते, गोष्ट लांब असते. आमच्या दोन सांदवाड्यांमध्ये बांबूच्या कमच्यांचं कुंपण आहे. त्यावर दोडक्याचा वेल चढलाय. जिथं पानं विरळ, तिथं आम्ही दोघी.

यंदा विषय एकच, हॉल. काकूंच्या मुलानं जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. समोरचा हॉल ३० फूट लांब, १८ फूट रुंद. फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या, वर चार ट्यूबलाइट. साकोलीहून सोफा आणला आणि भिंतीला टेकवला. उरलेल्या भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या. मध्ये मोकळं रान.

"मानूस या टोकाले, चहा त्या टोकाले. अन् आपलाच आवाज फिरून आपल्याकडं येते! दवाखान्यात नंबर लावून बसल्यावानी वाटते व."

तशात थोरल्या नातीचं साक्षगंध ठरलं. धाकटी नात नागपूरला शिकते. तिनं हॉल पाहिला आणि सांगून टाकलं, "आजी, याला वॉर्म करावं लागेल."

"म्या म्हटलं, मे महिन्यात पारा ४५ वर जाते, आनखी कितीक गरम करतं?"

मी हसले, पण पोरीचं बरोबर होतं. जुन्या घराची सपरी आठवा. वळचण इतकी खाली की वाकून आत यायचं. एका कोपऱ्यात धानाची ढोली, दुसऱ्यात पितळी गुंड, मध्ये झुलायची बंगई आणि वर एकच पिवळा बल्ब. चार माणसं आली तरी घर भरल्यासारखं वाटायचं. मला विचाराल तर या हॉलला नवं सामान नकोच होतं, कोपरे हवे होते.

नातीनं पहिल्यांदा सोफा भिंतीपासून ओढला. खुर्च्या त्याच्यासमोर आणल्या, मध्ये सतरंजी अंथरली. भाऊ, म्हणजे काकूंचा मुलगा, वैतागला, "सोफ्याच्या मांगून लोक जातील ना!" जाऊ देत की. जायलाच तर जागा आहे.

मग ट्यूबा बंद. डब्यावर ६५०० लिहिलेला दिवा पांढराफेक जळतो, २७०० चा पिवळसर. तिनं २७०० वाले आणले आणि बुरडाकडच्या टोपल्या उलट्या करून त्यात टांगले. कमच्यांची सावली भिंतीवर पडली आणि ती भिंत पहिल्यांदा बघण्यासारखी झाली. जाड पडदे लागले, तसा आवाजही घुमायचा थांबला. उघडी फरशी आणि कोरी भिंत आवाज परत फेकते, कापड तो पिऊन टाकतं.

भांडण झालं ते कोशावरून. काकूंची आंधळगावची कोशाची रेशमी साडी घडीवर विरली होती. नातीनं तिची उशीला खोळ शिवली. दोन दिवस अबोला! "ऐनाच्या झाडावरचे कोसे, धिवरांनं पाखरं हाकलून हाकलून राखलेले, अन् हे त्याच्यावर बसनार?" तिसऱ्या दिवशी काकू स्वतःच ती उशी मांडीवर घेऊन बसलेल्या. कोशाचा तो मधासारखा रंग पिवळ्या उजेडात काय दिसतो म्हणून सांगू!

आणि बंगई? ती गुरांच्या कोठ्यात पडली होती. सागवानी फळी, चार पितळी कड्या. काकूंनी चिंच लावून कड्या घासल्या, मी राखेनं हात लावला. प्रत्येक कडीची आतली बाजू साखळीच्या घासण्यानं दोऱ्याएवढी पातळ झालेली. तीन पिढ्यांचं झुलणं तेवढ्या जागेत दिसत होतं. टांगायला गेलो, तर छताला हुकच नाहीत. स्लॅबच्या वेळी मिस्त्रीनं विचारलं होतं म्हणे. भाऊ म्हणाला होता, "हुक कायले? आता कोन झुलते?"

शेवटी सुतारानं फळीला चार पाय ठोकले, कड्या तशाच ठेवल्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाला खिडकीखाली ती मांडली. साक्षगंधाच्या दिवशी मुलाकडची म्हातारी मंडळी आली. सोफ्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही, सगळी बंगईभोवती दाटीवाटीनं बसली. नवरदेवाची आजी बसल्या बसल्या पायानं जमीन रेटून पाहत होती, झुलते का म्हणून.

काकू अजून तेच सांगतात, "सारं झालं व, झुलाचं तेवढं राहिलं."

तेव्हा बांधकाम काढलेल्यांनो, हॉल केवढाही करा. स्लॅबची सळई बांधताना मिस्त्रीला दोन जाड हुक टाकायला तेवढे सांगा.