हायोशला लाइक किती?

अथेन्सला १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, त्यात पोहण्याच्या दोन शर्यती हंगेरीच्या अठरा वर्षांच्या आल्फ्रेड हायोशने मारल्या. फॉलोअर मात्र शून्य. आजच्या एखाद्या सोशल मीडिया सल्लागारापुढे त्याची फाइल ठेवली, तर तो दोन पानं चाळून विचारील, "पोहतो ते ठीक आहे हो, पण करतो काय?"

केलं बरंच. वडील डॅन्यूबमध्ये बुडाले तेव्हा पोरगा तेरा वर्षांचा. पोहणं शिकला ते त्या धसक्यातून. मूळचं आर्नोल्ड गुटमन हे नाव त्याने बदललं, एवढ्यावर सल्लागार खूश होईल. ब्रँडिंगची जाण होती म्हणायची!

पुढे मात्र आनंदच. अथेन्सच्या शर्यतींना तरणतलाव नव्हता. पिरियसजवळच्या झेआच्या उपसागरात, १३ अंशांच्या गार पाण्यात आणि उसळत्या लाटांत त्या झाल्या. हायोशने अंगाला अर्धा इंच चरबी चोपडली होती. असलं तुकतुकीत ध्यान कोणती कंपनी जाहिरातीत घेईल? १०० मीटर फ्रीस्टाइल त्याने १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकली. १२०० मीटरसाठी तर स्पर्धकांना होडीतून आत नेलं, पाण्यात सोडलं आणि पोहत किनारा गाठा म्हणून सांगितलं. तीही त्यानेच जिंकली. नंतर मात्र प्रामाणिकपणे सांगून बसला, की जिंकायचं बाजूलाच राहिलं, जीव वाचवायची पडली होती. अशा वाक्यावर प्रोटीन पावडर खपत नाही. त्यात बक्षीस चांदीचं, कारण त्या वर्षी पहिल्या क्रमांकाला रौप्यपदकच होतं.

बुडापेस्टला परतल्यावर तंत्रविद्यापीठाच्या डीनने त्याला सुनावलं म्हणे, की तुझ्या पदकांशी मला कर्तव्य नाही, पुढच्या परीक्षेत काय उत्तरं देतोस ते बघू. आज या संवादाची क्लिप रात्रीतून फिरली असती आणि सकाळी डीनसाहेबांचं दिलगिरीचं पत्रक निघालं असतं.

"त्याच देशाचा क्रिश्तोफ मिलाक बघा," सल्लागार समजावील. टोकियोत २०२१ साली २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीला दहा मिनिटं उरली असताना मिलाकची चड्डी फाटली. घाईघाईने दुसरी चढवून त्याने १ मिनिट ५१.२५ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला, दुसऱ्याला जवळपास अडीच सेकंद मागे टाकून. चर्चा कशाची झाली? चड्डीची. विक्रम बिचारा तिच्या आडोशाने छापून आला. शिवाय आपलं चित्त विचलित झालं, जागतिक विक्रम हुकला, अशी हळहळ खुद्द मिलाकनेच व्यक्त केली. म्हणजे त्यालाही या प्रसिद्धीची किंमत कळली नाही.

हायोश तर त्याहून गाफील. नाव झाल्यावर निदान एका जागी टिकावं ना! हा फुटबॉलकडे गेला, १९०२ साली हंगेरीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळला आणि मग वास्तुविशारद झाला. ऑलिंपिकमध्ये तेव्हा कलेच्याही स्पर्धा असत. पॅरिसला १९२४ साली देझ्यो लाउबरबरोबर केलेल्या स्टेडियमच्या आराखड्याला परीक्षकांनी रौप्य दिलं. सुवर्ण कोणालाच दिलं नाही. दोनदा ऑलिंपिक गाजवूनही गडी सोन्यावाचून घरी!

बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावरचा बंदिस्त तरणतलाव त्यानेच बांधला, १९३० साली. आज तिथल्या संकुलाला त्याचं नाव आहे. युरोपीय जलतरण स्पर्धा २००६ आणि २०१० साली तिथेच झाल्या. फाइल मिटता मिटता सल्लागाराची शेवटची शंका एवढीच, की कपडे बदलायच्या खोलीत आरशापुढे उजेड बरा आहे ना?