नावे-जमा, व्हाया विरार

वसई-विरारच्या मातीत व्यापार फार जुना, आणि भरभराटीला आलेला व्यापार सोडून देण्याची परंपराही तेवढीच जुनी. नालासोपाऱ्याला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधणाऱ्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण या गावाचं नाव एके काळी शूर्पारक होतं, इथं मोठं बंदर होतं, आणि इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट बौद्ध ग्रंथांत आहे. दासीपुत्र म्हणून भावांनी वाटणीत डावललेला हा मुलगा. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका मोळीवाल्याच्या डोक्यावरच्या लाकडांत याला उंची चंदन दिसलं. यानं मोळी विकत घेतली. पुढे राजाला ताप भरला, वैद्यांनी चंदनाचा लेप सांगितला, आणि माल चढ्या भावानं राजवाड्यात गेला. नंतर बंदराला जहाज लागलं तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी ‘एकट्यानं कुणी माल उचलायचा नाही’ असा ठराव केला होता. या पठ्ठ्यानं बयाणा टेकवून अख्खा माल आपल्या नावावर केला. बी.कॉम.च्या कुठल्याही मुलानं याचा फोटो वहीत ठेवावा! पण एका सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्यानं बुद्धवचनं ऐकली आणि गडी भिक्षू झाला. सोपाऱ्याचा जो स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणून काढला, तो अजून जागेवर आहे. पूर्णाची खातेवही मात्र कुणाला सापडलेली नाही.

दुसरे आमचे संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा. तरुणपणी जपानला गेले, पूर्वेकडे व्यापारात चांगला जम बसवला, आणि ऐन भरात सगळं सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं, १८६२ साली पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. आता गंमत अशी की, नावे-जमेची दुहेरी पद्धत ज्यानं पहिल्यांदा छापील पुस्तकात नीट मांडली, तो लुका पाचोलीही फ्रान्सिस्कनच. १४९४ साली व्हेनिसला त्याचं पुस्तक निघालं. म्हणजे आमच्या संतांनी धंदा सोडला आणि गेले कुठे, तर हिशेब लिहिणाऱ्याच्याच घरात.

आज वसईत त्यांच्या नावानं आर्ट्स आणि कॉमर्सचं कॉलेज आहे. धंदा सोडून गेलेल्या माणसाच्या नावाच्या फाटकाशी धंदा शिकायला पोरं रांग लावतात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला तर ते फार शोभून दिसतं. त्या दोघांनी व्यापारातून वैराग्याकडे वाट धरली; आमची पोरं वैराग्यातून व्यापाराकडे येतात. कारण कॉमर्स घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, त्याला वैराग्याशिवाय दुसरं नाव नाही.

सायन्स घ्यायचं तर निदान स्वप्न लागतं. आर्ट्स घ्यायचं तर घरच्यांशी भांडायची ताकद. कॉमर्सला काहीच लागत नाही. लग्नात भेटलेली आत्या विचारते, “काय घेतलंस?” आपण सांगतो, “कॉमर्स.” ती क्षणभर थांबते आणि समजूत काढल्यासारखं म्हणते, “असू दे. बँकेत लागशील.” वसईत हा आशीर्वाद अगदीच हवेतला नाही. पापडीला १९१८ साली गावच्या लोकांनी उभी केलेली पतसंस्था आज बॅसिन कॅथलिक बँक म्हणून मिरवते, आणि तिच्या काउंटरपलीकडे आपलं कुणीतरी बसलेलं असतं अशी इथल्या निम्म्या घरांची खात्री असते.

नावाच्या बाबतीतही कॉमर्स मधल्या बाकावरच. वसई रोडला विद्यावर्धिनीच्या आवारात कला महाविद्यालयाला अण्णासाहेब वर्तकांचं नाव आहे, वाणिज्यला केदारनाथ मल्होत्रांचं, विज्ञानाला ई. एस. आंद्राडिस यांचं. पाटीवर तिघंही व्यवस्थित आहेत. रिक्षावाल्याला मात्र ‘वर्तक’ एवढंच कळतं. कॉमर्सची पोरं वर्षानुवर्षं ‘वर्तकला आहे’ म्हणत पदवीधर होतात आणि मल्होत्रासाहेबांची गाठ थेट मार्कशीटवर पडते.

माझी भाची तिथंच एस.वाय.ला आहे. घर आगाशीला, त्यामुळे विरारला येऊन गाडी पकडायची आणि वसईला उतरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये विरारला चढून वसईला उतरणं हा दखलपात्र गुन्हा आहे. “एवढ्यासाठी गाडी कशाला अडवतेस गं? रिक्षानं जा की!” असं तिला रोज ऐकावं लागे. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या डब्यांत दूर जाणाऱ्याचा मान मोठा असणार. शेवटी एका मावशीनं तिच्या मांडीवरचं अकाउंट्सचं पुस्तक पाहिलं आणि तिला दरवाजाजवळची जागा मिळवून दिली. बदल्यात भिशीची डायरी तपासून द्यायची. डायरीला ना लेजर फोलिओ, ना ऑडिटर. कुणाचे पैसे आले तिच्यापुढे बरोबरची खूण, नाही आले तिच्यापुढे तिच्या स्टेशनचं नाव. भाचीनं सगळी डायरी तपासली. एका रुपयाचाही फरक नव्हता. तिला जरा राग आल्यासारखं झालं.

तिच्या अभ्यासाची खरी परीक्षा घरीच होते. माझ्या बहिणीच्या सासूबाईंची, म्हणजे भाचीच्या आजीची, वाडी आहे, मोगऱ्याची. पहाटे फुलं खुडायची आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात पोहोचवायची. अकरावीला क्लोजिंग स्टॉक शिकून आली तेव्हा भाची आजीला म्हणाली, “आजी, मालाची खरेदी किंमत आणि बाजारभाव यांतला जो कमी, तो धरायचा असतो.”

“कधीचा बाजारभाव?” आजीनं विचारलं. “पहाटेचा की दुपारचा?”

इथं बाळबोध पुस्तक संपलं. पहाटे ज्या मोगऱ्यासाठी गिऱ्हाईक हातघाईवर येतं, तोच दुपारी गाईलाही नको असतो. गणपतीत भाव आभाळाला, पितृपक्षात जमिनीला. पुस्तकातला व्यापारी वर्षातून एकदा, ३१ मार्चला, माल मोजतो. आजी रोज मोजते आणि रोज शून्यावर आणून ठेवते. शिल्लक माल ठेवायचाच नाही हे धोरण हल्ली मोठमोठे कारखाने जपानी नावानं राबवतात. आमच्या म्हातारीला ते फुलांनी शिकवलं.

बुडीत उधारीवरून तर दोघींचं चांगलंच वाजलं. संशयित बुडीत कर्जाची तरतूद कशी करतात ते भाचीनं समजावलं. आजी म्हणाली, “संशय कसला? तो देणारच नव्हता.”

“मग माल दिलास कशाला?”

“अगं, लग्नघर होतं. गजऱ्यावाचून नवरी उभी करायची?”

भाचीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग हे बुडीत कर्ज नाही. जाहिरात खर्च.” मी पेपर तपासायला असतो तर पूर्ण मार्क दिले असते. त्या लग्नातल्या बायका अजून त्याच वाडीतून फुलं नेतात.

आता नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. वर्गात शिकलात, आता बाहेर जाऊन हात मळवून या, त्याचेही गुण मिळतील. कल्पना चांगली आहे. फक्त पोरांना घेणार कोण, हा प्रश्न नातेवाइकांवर सोडलाय. म्हणून भाची सुट्टीत माझ्याकडे आली. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे असा गाळ्यांचा मोठा पसारा आहे. कुठे प्लास्टिकची झाकणं, कुठे पंख्याचे सुटे भाग, कुठे आणखी काही. आमच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी होतात आणि माळ्यावर मी हिशेब लिहितो. बाहेरच्या माणसाला इथं मशीनचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. पण दर दोन-चार गाळ्यांमागे एका माळ्यावर एक बी.कॉम. बसलेला असतो आणि त्याच्या चहाच्या ग्लासाखाली कुणाचं तरी चलान असतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका ट्रान्सपोर्टवाल्याचं स्टेटमेंट आलं. त्याच्या आणि आमच्या लेजरमध्ये २७० रुपयांचा फरक. भाची दुपारपासून एकेक एंट्री ताडून पाहत होती. संध्याकाळी शेठ वर आले, विषय ऐकला आणि मोठ्या मनानं खिशात हात घातला. “दोनशे सत्तर ना? हे घे माझ्याकडून. आणि घरी जा, आई वाट बघत असेल.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. शेठचा स्वभाव खरंच उदार. पण ते पैसे घेतले असते तर एका चुकीच्या दोन झाल्या असत्या. फरक तसाच राहिला असता आणि गल्ल्यात कुणाचे कुठले ते कळत नाहीत असे २७० रुपये जास्त झाले असते. हिशेबाला दया चालत नाही, हे शेठना इतक्या वर्षांत मी समजावू शकलेलो नाही. तिला म्हटलं, “नऊनं भाग जातो का बघ.”

“जातो. तीस वेळा.”

“मग आकडे उलटसुलट पडलेत. तसली बिलं शोध.”

ही युक्ती मला जुन्या अकाउंटंट काकांनी दिली, त्यांना आणखी कुणी. शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी पडले की येणाऱ्या फरकाला नऊनं भाग जातोच. ४५ चे ५४ करून पाहा, नाहीतर १२ चे २१. आणि फरक सम असला तर त्याच्या निम्म्या रकमेची एंट्री नावेऐवजी जमेला पडली का तेही बघायचं. पाच मिनिटांत सापडलं. १,६३० चं बिल, टॅलीत १,३६०. तिनं दुरुस्त केलं, फरक शून्य झाला, आणि खाली मशीन बंद झालेलं असल्यामुळे तिचा “येस!” अख्ख्या गल्लीनं ऐकला. शेठ मात्र नोटा हातात धरून तसेच उभे. त्यांना वाटलं, आपला काहीतरी अपमान झाला.

टॅली आली म्हणून अकाउंटंट जाईल, असं माझ्या तरुणपणापासून ऐकतोय. १९८६ पासून टॅली आहे, अकाउंटंटही आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर आमचे भाव वधारले. आमच्या महिन्याला आता वेगळ्याच तिथी आहेत: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी. संकष्टीला उपास मोडला तर देव समजून घेतो. २० तारीख मोडली तर दिवसाप्रमाणे लेट फी चढते आणि पोर्टल कुठल्याही नवसाला पावत नाही. १९ तारखेला रात्री वालीवच्या माळ्यांवरून फोनवर एकच वाक्य घुमत असतं: “ओटीपी आला का? सांगा लवकर, एक्स्पायर होईल!”

टी.वाय.ला कॉस्टिंग येईल तेव्हा मी भाचीला वसईचा तह उदाहरण म्हणून सांगणार आहे. ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांची सहा हजारांची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चापोटी सालिना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. शाळेत हा धडा इतिहासात टाकतात. खरं तर तो कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हवा: पुरवठादारच पहारेकरी असला की करार वाचल्याशिवाय सही करू नये. पेशव्यांच्या दरबारात कीर्द-खतावणी लिहिणारे कारकून थोडेथोडके नव्हते. पण त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. अकाउंटंटला सही झाल्यावर बोलावतात, हा रिवाज तेव्हापासूनचा दिसतो.

“सीए करणार का?” हे तिला आता आत्याही विचारते, रिक्षावालाही. वसईत सीए संस्थेची शाखा आहे, क्लासेसच्या जाहिराती तर स्टेशनपासून सुरू होतात. ती म्हणते, बघू. मला तिचं ‘बघू’ आवडतं. कॉमर्स घेताना होतं ते वैराग्य त्यात उरलेलं नाही.

कारण मधल्या काळात तिनं आमच्या सोसायटीत हात घातलाय. इमारतीत बी.कॉम. माणूस राहतो असा नुसता सुगावा लागला की त्याला खजिनदार करतात, तो सभेला गैरहजर असला तरी. किंबहुना गैरहजर असला तरच. तसा मी झालो. उन्हाळ्यात नळाला पाणी पुरेना म्हणून टँकर मागवावे लागले आणि त्यांचे रोख पैसे चेअरमनसाहेब खिशातून देत, मग माझ्याकडून आठवणीनं वसूल करत. पावती विचारली की म्हणत, “पाणी आलं ना? तीच पावती.” भाची रविवारी आली, तिनं व्हाउचरचं पुस्तक आणलं आणि सांगितलं, “काका, सात हजार आहेत. टँकरवाल्याची सही पाहिजे, आणि पाच हजारांच्या वर आहे म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्पही.”

चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग ते एक रुपयाच्या त्या तिकिटासाठी चार दुकानं फिरून थेट स्टेशनपर्यंत जाऊन आले. घाम पुसत तिकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “आता हे रिक्षाचे चाळीस रुपये तरी मिळतील ना?”

भाचीनं पुस्तकाचं पुढचं पान उघडलं. “मिळतील की काका. पावती?”