खोक्यातला तोतया

पानिपतावरून जे जिवंत परतले त्यांत विठ्ठल शिवदेव विंचूरकर होते. विंचूरला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण माझ्या मते खरं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं: जे गेले होते तेच परत आले. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. सदाशिवरावभाऊ पानिपतावर गेले आणि काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ म्हणत सुखनिधान नावाचा एक कनोजी इसम येऊन उभा राहिला. वेष्टण बरंचसं मिळतंजुळतं असावं, कारण विश्वास ठेवणारेही निघाले. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. पुढे १७७६ साली रत्नागिरीहून सुटून त्यानं कोकणात बंड केलं, पकडला गेला आणि पुण्यात देहदंड झाला. माल एक पाठवला, परत आला दुसरा, असं मराठी इतिहासातलं हे सर्वांत गाजलेलं प्रकरण. नाना फडणीसांकडे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नव्हता, तरी निकाल लागला हे विशेष.

आज असे सुखनिधान विंचूरच्या तीनपाटीजवळ एका पत्र्याच्या गाळ्यात कुरिअरच्या पोत्यातून उतरतात. रोज. आणि नाना कुठे बसतात हे कुणालाच ठाऊक नाही.

गाळा आमच्याच गावातल्या एका पोराचा. बापाची सव्वादोन एकर जमीन, त्यात कांदा, आणि कांद्याचा भाव म्हणजे काय ते नाशिक जिल्ह्यात नव्यानं सांगायची गरज नाही. म्हणून पोरानं बी.कॉम. झाल्यावर ऑनलाइन दुकान थाटलं. मुख्य धंदा साड्यांचा. पैठणीचं गाव येवला मोटारसायकलवर पाऊण तासाच्या आत, पण साड्या येतात सुरतेहून, गठ्ठ्यानं. ॲपवर नाव ‘पैठणी लूक, सॉफ्ट सिल्क फील’. किंमत ४९९. यातला ‘लूक’ आणि ‘फील’ वकिलाला विचारून घातल्यासारखे आहेत. साडीत रेशीम नाही हे विकणाऱ्याला माहीत, ४९९ मध्ये रेशीम येत नाही हे घेणारीलाही माहीत. पदरावरचा मोर तेवढा दोघांना मान्य. म्हणजे व्यवहाराची सुरुवातच कशी खेळीमेळीनं होते बघा.

पोराकडे माल किती परत येणार याचा अंदाज बांधायला संगणकाची गरज पडत नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे. तुळशीचं लग्न लागलं की तो लग्नतिथींभोवती पेनानं गोल करतो. तिथीच्या चार दिवस आधी ऑर्डरी चढतात, तिथीनंतर आठवड्याच्या आत पोतं येतं. दाट तिथी असल्या तर दोन पोती.

एक साडी मी स्वतः पाहिली. घडी कंपनीची नव्हती, कुणाच्या तरी सासूची होती. निऱ्यांच्या जागी पिनांची भोकं. काठाला हळद, पदराला मठ्ठा. झटकली तर आतून अक्षता पडल्या, आणि त्यातली एक पोराच्या आईनं सवयीनं उचलून देव्हाऱ्यात ठेवली. लेबल मात्र जाग्यावर, नवीन स्टेपलर मारून. परत करण्याचं कारण ॲपवर निवडावं लागतं. बाईंनी निवडलं होतं: ‘साईज बसली नाही’. साडेपाच मीटर साडी! पोर म्हणाला, “काका, लग्न त्यांचं झालं, आहेर माझा.”

साडी निदान साडी तरी असते. पोर जोडीला मोबाइलवर चालणारे छोटे स्पीकर विकतो, त्यांच्या खोक्यातून दगड येतो. काळा, गुळगुळीत, वजनाला चोख. पाठवणाऱ्यानं तो घरच्या काट्यावर तोलून निवडलेला असणार. असा मोजून-मापून दगड निवडणारा माणूस आयुष्यात एखाद्या नोकरीला लागला असता तर खात्याचं कल्याण झालं असतं.

आता तक्रार. तक्रारीसाठी परत आलेलं खोकं उघडताना सलग व्हिडिओ लागतो. त्यामुळे गाळ्यात आता शूटिंग चालतं. पोर कात्री चालवतो, आई मोबाइल धरते. “थांब रे, अंगठा आला मध्ये.” “आई, लेबल दाखव, लेबल.” “दाखवते, ओरडू नको, आवाज जातो ना त्यात!” मग व्हिडिओ चढवायचा आणि मदतकक्षाशी गप्पा मारायच्या. मदतकक्षात माणूस नसतो. असते एक यंत्रबाई, जी कधी चिडत नाही, आणि तेच तिचं सर्वांत चीड आणणारं लक्षण.

“आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. व्हिडिओत खोक्याची सहावी बाजू दिसत नाही.”

सहावी बाजू टेबलावर टेकलेली होती. पुढच्या खेपेला पोरानं खोकं हवेत धरलं.

“लेबलवरचा क्रमांक अस्पष्ट आहे.”

त्याच्या पुढच्या खेपेला लाईट गेली.

“व्हिडिओ सलग वाटत नाही. क्लेमची मुदत संपली आहे. आमच्या उत्तरानं आपलं समाधान झालं का? कृपया पाच तारे द्या.”

दरम्यान जायचं भाडं कापलेलं, यायचं भाडं कापलेलं, दुकानाचं रेटिंग उतरलेलं. सरकारनं तेवढा हातभार लावलाय: ऑनलाइन विक्रीवर कापला जाणारा जीएसटीचा टीसीएस जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणला. दगडावर मात्र कुठलाच कर लागत नाही.

हे सगळं करणारी मंडळी कोण? सगळी पुण्या-मुंबईची असती तर मला हा लेख लिहायला फार सोपं गेलं असतं. पण पोतं उलगडलं की पिनकोड आमच्याच जिल्ह्यातले निघतात. मागे एकदा सकाळी विंचूर उपबाजारात एक ओळखीचे शेतकरी भेटले. तोंड कडू. लिलावात उन्हाळ कांद्याला बरी बोली लागली होती, सौदापट्टी झाली, ट्रॅक्टर खळ्यावर गेला, आणि खाली करताना व्यापाऱ्यानं वांधा काढला. मागच्या बाजूला गोल्टी आहे, जोड आहे, क्विंटलमागे कमी करा. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं, मागे दुसरी वाहनं उभी होती. करतात काय, मान डोलावली. “बोली लागल्यावर खोड काढायची म्हणजे दरोडा आहे हो हा!” ते म्हणाले. मी मनापासून हो म्हटलं.

दुपारी तेच गृहस्थ चहाच्या टपरीवर रंगात येऊन सांगत होते, पुतण्याच्या लग्नात नवे बूट कसे घातले, तळाला पुठ्ठा कसा चिकटवला, मिरवणुकीत नाचताना धुळीत पाय कसा पडू दिला नाही आणि तिसऱ्या दिवशी बूट परत करून पैसे कसे मिळवले. टपरीवर कौतुक झालं. मी विचारलं, “आणि बूट विकणाऱ्याचं?”

“अहो, कंपनीचं काय जातं?”

हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं, कारण त्याच्यासारखं पुण्यपावन वाक्य नाही. एसटीच्या काचेला दगड मारणाऱ्यानं ‘सरकारचं काय जातं’ म्हणावं तसंच हे. कंपनीचं काय जातं हे मी सांगतो: काही जात नाही. कंपनी फक्त चावडी. ती विकणाऱ्याकडून कमिशन घेते, परतीचं भाडं त्याच्याच खात्यातून वळतं करते, आणि ग्राहकाला ‘विनाप्रश्न परतावा’ देऊन त्याच्या मनात घर करते. घर ग्राहकाच्या मनात, भाडं पत्र्याच्या गाळ्याकडून. अमेरिकेतल्या कुठल्या धनाढ्याला चिमटा काढल्याच्या आनंदात आपण बूट परत करतो, आणि चिमटा बसतो तो सव्वादोन एकरवाल्याच्या पोराला.

चुकून कधी कंपनीचं स्वतःचं गेलंच, तर मग बघावं. २०१७ साली दिल्लीतल्या एका एकवीस वर्षांच्या तरुणानं १६६ महागडे मोबाइल मागवले, प्रत्येक वेळी ‘खोकं रिकामं निघालं’ म्हणून ॲमेझॉनकडून परतावा घेतला आणि फोन बाजारात विकले. सुमारे पन्नास लाखांचं प्रकरण. अटक झाली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका जोडप्यानं असाच उद्योग करून त्याच कंपनीला बारा लाख डॉलरला बुडवलं. २०१८ साली दोघांना पाच वर्षांच्या वर तुरुंगवास झाला. २०१९ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरून बातमी आली की एक तरुण खोक्यात बरोबर वस्तूच्या वजनाइतकी माती भरून परत पाठवत होता. म्हणजे दगड निवडणारे आमचे लोक जागतिक दर्जाचे आहेत हे मान्य व्हायला हरकत नाही. आणि २०२४ मध्ये मिंत्रानं बेंगळुरूत पोलिसांकडे तक्रार नोंदवली: महागडे कपडे गठ्ठ्यानं मागवायचे, मग ‘नग कमी आले’ किंवा ‘भलतेच आले’ म्हणून पैसे परत घ्यायचे. तिथे कुणी व्हिडिओची सहावी बाजू मागितल्याचं ऐकिवात नाही. कंपनीचा तोतया निघाला की गुन्हा. आमच्या पोराचा निघाला की ‘पॉलिसी’.

पोरानं ठाण्यात जावं म्हणाल, तर कायदा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पण ४९९ रुपयांच्या साडीतल्या अक्षतांचा पंचनामा करायला कोण येणार? ग्राहक आयोगात जावं, तर हा ग्राहकच नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ ला कायदा झाला, २०१९ ला नवा झाला, २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. नियम चांगले आहेत: ग्राहकाच्या तक्रारीची अठ्ठेचाळीस तासांत पोच द्या, महिन्यात निवारण करा, सदोष माल परत घ्यायला विक्रेत्यानं नकार देऊ नये. ही सगळी तटबंदी उभी राहिली याचं श्रेय अर्थातच व्यापाऱ्यांना. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मापात पाप केलं नसतं तर जोशींना एवढे कष्ट पडले नसते. विकणाऱ्याची बाजू घेताना माझी लेखणी जरा अडखळते ती यामुळेच. ‘सिल्क फील’ मी विसरलेलो नाही. पण तटाच्या आतून दगड येऊ लागले तर बाहेरच्यानं कुणाकडे जायचं, हे त्या नियमांत मला काही सापडलं नाही.

म्हणून मी पोराला आमच्या मातीतला उपाय सुचवला. असे वाद मिटवायला बाजार समितीत वांधा कमिटी असते. तिच्यावर कुणी खूश नसतं. शेतकरी म्हणतो ती व्यापाऱ्याची, व्यापारी म्हणतो ती शेतकऱ्याची, यावरून ती बरी चालत असावी. पण तिथे माल समोर असतो, विकणारा समोर असतो आणि मुख्य म्हणजे घेणाराही समोर असतो. गोल्टी आहे म्हणायचं तर ती हातात धरून दाखवावी लागते, चार माणसांच्या देखत, आणि उद्या त्याच चार माणसांत पुन्हा बोली लावायची असते.

दगडाचं नवं खोकं आलं तसं ते न उघडता आम्ही दोघं उपबाजारात गेलो. ओळखीच्या एका कारकुनानं ऐकून घेतलं.

“समोरची पार्टी कुठंय?”

“दिसत नाही. नंबर लपवलेला असतो.”

“मग सौदा कुणी केला?”

“ॲपनं.”

“ॲपचा गाळा कुठला? लायसन नंबर?”

पोर गप्प. कारकुनानं चष्मा पुसला, म्हणाला, “अरे, पार्टी नाही, गाळा नाही, लायसन नाही. आणि व्यापाऱ्यांना आम्ही उगाच नावं ठेवतो.”

शेजारी एक हमाल बिडी विझवत उभा होता. त्यानं खोकं उचललं, तळहातावर जरासं खेळवलं आणि खाली ठेवलं.

“दगड आहे. चारशे ग्रॅमला थोडा कमी.”

“न उघडता?”

“उघडायचं काय त्यात? तीस वर्षं ओझं उचलतोय. यंत्र असतं तर एका बाजूला वजन पडलं नसतं.”

पोराचे डोळे चमकले. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला, हमालाला खोकं पुन्हा उचलायला लावलं, सहाही बाजू फिरवून दाखवल्या, लेबल दाखवलं, मग कात्री मारली. दगड निघाला. उपबाजाराच्या भुईकाट्यावर चारशे ग्रॅम मोजता येत नाहीत, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात तोलला: ३९० ग्रॅम. सगळं सलग, एका दमात, भर उजेडात. मी आयुष्यात इतकं चांगलं चित्रण केलेलं नाही.

उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. “क्लेम फेटाळण्यात आला आहे. कारण: व्हिडिओत अनोळखी व्यक्ती आढळली.”