वकील दिवाणी बाजूचे

फौजदारी वकिलावर सिनेमे निघतात. दिवाणी वकिलावर कोण काढणार? त्याच्या खटल्यात ना खून, ना पिस्तूल. फार तर हातभर सरकलेला बांध, आणि त्या बांधावरचं आंब्याचं झाड. ते आपल्याच आजोबांनी लावलं असं दोन्ही पक्ष शपथेवर सांगतात. आजोबा बहुधा एकच असतात.

सनद मिळाली तरी सुरुवातीची वर्षं माणूस वकील नसतो, ज्युनिअर असतो. सकाळी बोर्ड बघायचा, पुकारा झाला की बगलेत फाइल मारून पळत सुटायचं आणि ‘सर वरच्या कोर्टात आहेत’ असं सांगून तारीख मागायची. वरचं कोर्ट म्हणजे पुष्कळदा पहिल्या मजल्यावरची बाररूम. हळूहळू त्याला पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिता येते, समोरच्याच्या अर्जावर ‘से’, म्हणजे म्हणणं, देता येतो आणि शिरस्तेदाराला नेमका कधी नमस्कार करावा हेही उमगतं. शेवटचा विषय कुठल्याच लॉ कॉलेजात नाही.

या धंद्याची पोथी म्हणजे १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता. कागदावर ती भलतीच कडक. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, फार तर ९० दिवसांत. सुनावणीत एका पक्षाला तहकुब्या तीनच. पण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की तसंच अपवादात्मक कारण असेल तर ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येईल. झालं! तेव्हापासून अपवादाचा तुटवडा म्हणून नाही.

मधेच एखादा प्रतिवादी वारतो. मग ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा कोसळतो. म्हणून वादीचे वकील दहाव्याला गंभीर चेहऱ्यानं येतात, हात जोडतात आणि हलकेच विचारतात, ‘थोरल्या मुलीचं सासरचं आडनाव काय?’ दुःख खरंच असतं हो. पण मुदतही खरी असते.

चिकाटीत मात्र मराठी माणसाला तोड नाही. पुण्यात १९६६ साली निकाली निघालेला एक वाद १२०५ मध्ये सुरू झाला होता, अशी नोंद गिनीज बुकानं केली होती. ७६१ वर्षं! आणि तंटा कशाचा? धार्मिक उत्सवातल्या मानाचा. जमीन एक वेळ सुटेल, मान कसा सोडायचा?

हुकूमनामा हातात पडला की अशील समजतो, संपलं. वकील समजतो, आता अंमलबजावणीची दरखास्त. हिंदुस्थानातल्या दावेदाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावरच सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. संहितेतला दरखास्तीचा आदेश २१ एकटाच १०६ नियमांचा आहे. तेव्हा निकाल आपल्या बाजूनं लागल्याचा फोन आला, तर पेढे पावशेरच आणा. बाकीचे ताबा मिळाल्यावर.