बेसमेंट सोडून

नाना घर सोडून निघणार आहेत, ही बातमी मला पहिल्यांदा २०१७ च्या ऑगस्टमध्ये कळली. बासष्ट पुरी झाली की इकडे अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. त्या महिन्याच्या अखेरीस त्याची किंमत दहा डॉलरवरून ऐंशी होणार होती. नानांना बासष्ट पुरी होऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी मुदतीच्या तीन आठवडे आधी पास काढला, त्याला प्लास्टिकचं वेष्टण चढवलं आणि मला फोन केला. "सत्तर डॉलर वाचवले रे. आता निघायचंच."

तेव्हापासून नाना निघताहेत.

निघायचं म्हणजे सहलीला नव्हे. घरदार आवरून चाकांवरच्या घरात बारमाही राहणारी एक जमात इकडे आहे. त्यांना 'फुल-टायमर' म्हणतात. ही मंडळी उन्हाळ्यात मोंटानात असतात, हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात, आणि अंगणातलं गवत कापणं हा विषय त्यांच्या आयुष्यातून कायमचा गेलेला असतो. नानांना या शेवटच्या मुद्द्याचं फार आकर्षण. एडिसनचं त्यांचं घर चार बेडरूमचं, पुढे-मागे हिरवळ. मुलं कधीच पांगली. घरपट्टी वर्षाला बारा हजार डॉलर. न्यू जर्सीत राहणाऱ्याला हा आकडा ऐकून धक्का बसत नाही, कारण राज्याची सरासरीच दहा हजारांच्या घरात आहे. नाना म्हणतात, "महिन्याला हजार डॉलर भरतो, ते आपल्याच घरात राहू द्यावं म्हणून."

नाना एका औषध कंपनीत 'व्हॅलिडेशन' करत. म्हणजे एकदा नीट चाललेली गोष्ट आणखी तीनदा चालवून बघायची आणि तिचे कागद तयार करायचे. नोकरी सुटली, सवय नाही सुटली.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी घेतली. एकतीस फुटी, वापरलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा माळा असलेली. गॅलनला नऊ मैल जाते. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तिचं नाव 'बिऱ्हाड' ठेवलं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे खरं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पण विंचू एडिसनला घरपट्टी भरत नाही." सांगायला हवं की बिऱ्हाड चालवतात वहिनीच. मागे घेताना नाना खाली उतरून दोन्ही हात हलवतात आणि वहिनी त्यांच्याकडे न बघता गाडी बरोबर लावतात.

आता प्रश्न घराचा. त्यासाठी नानांनी एक्सेलची फाईल केली. तिचं नाव 'घर_अंतिम'. मी पाहिली तेव्हा 'घर_अंतिम_७' चालू होती. तिच्यात तीन पानं: विकणे, भाड्याने देणे, कुलूप.

कुलूप हे नानांचं लाडकं पान. घर तसंच ठेवायचं, दाराला कुलूप लावायचं आणि वाटेल तेव्हा परत यायचं. विम्याच्या कागदांनी ते पान मारलं. घर सलग तीस-साठ दिवस रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसी मोडतोडीची, फुटलेल्या नळाची भरपाई देत नाहीत. आणि जानेवारीत इकडचे नळ फुटायला निमित्त लागत नाही. तरी नानांनी पान पुसलं नाही. नुसतं करडं केलं.

विकायचं म्हटलं की नानांना पत्त्याची काळजी लागते. घरच नाही तर पत्ता कुठला? फुल-टायमरांनी यावर तोडगा काढलेला आहे. साउथ डकोटात एक रात्र मुक्काम करायचा, त्याची पावती दाखवायची, टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता घ्यायचा आणि तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. १९७८ साली सुरू झालेल्या 'एस्केपीज' क्लबचं ठाणं तिथं, आणि त्याच्या हजारो सभासदांचा टपालाचा पत्ता तोच. दोन्ही राज्यांत आयकर नाही. सगळं कायदेशीर. पण नाना अस्वस्थ. "उद्या मंडळात कोणी विचारलं, मूळ गाव कोणतं? काय सांगू, सू फॉल्स?"

मग देव. घरातलं देवघर पूर्वाभिमुख आहे. बिऱ्हाडात स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या कपाटात देव बसवले खरे, पण गाडी वळली की देवही वळतात. पेनसिल्व्हेनियात शिरेपर्यंत पूर्वेकडे तोंड करून बसलेला बाळकृष्ण पिट्सबर्गच्या वळणावर दक्षिणेकडे पाहायला लागला. नानांनी फोनवर होकायंत्र उघडलं आणि रोज मुक्कामावर पोचल्यावर गाडी त्याप्रमाणे लावायची असा बेत सांगितला. वहिनी म्हणाल्या, "देव सगळीकडे आहे ना? मग बघेल की सगळीकडे."

मागल्या हिवाळ्यात दोघं सहा आठवडे ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला राहून आले. उन्हाळ्यात दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव हिवाळ्यात गाड्यांनी फुलून जातं. आजूबाजूच्या सरकारी वाळवंटात सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, असे सात महिने, थोडक्या पैशांत तळ ठोकता येतो. अर्थात त्या पैशांत बहुतेक नुसतं वाळवंटच मिळतं: वीज आपली आपण सूर्याकडून घ्यायची, पाणी टाकीतलं. पहिल्या सकाळी वहिनींनी फोडणी टाकली आणि गाडीतला धुराचा भोंगा असा किंचाळला की तीन गाड्यांमधली माणसं आग विझवायचे सिलिंडर घेऊन धावली. ती जी आली, ती पोहे खाऊनच गेली. नाना माझ्याजवळ या प्रसंगाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. वहिनींनी चारदा सांगितला.

तिथं नानांनी रीतसर चौकशी केली. डावीकडच्या म्हाताऱ्यानं बारा वर्षांपूर्वी घर विकलं, एक दिवस पस्तावला नाही. उजवीकडच्या जोडप्यानं २०१९ साली विकलं. आता बाईचे गुडघे गेले, परत स्थिरावावं म्हणतात, तर मधल्या काळात घरांच्या किमती वर आणि तीन टक्क्यांचं कर्ज जवळजवळ दुपटीवर. नानांनी दोघांचं म्हणणं वहीत समोरासमोर लिहिलं, खाली रेघ मारली आणि बेरीज शून्य काढली. दुसरा कोणी असता तर दोघांपैकी एकाकडून तरी काही शिकला असता.

परत आल्यावर सराव सुरू झाला. बिऱ्हाड ड्राइव्हवेत उभं, गॅरेजमधून लांब वायर ओढलेली, आणि नाना आत. महिनाभर 'घर सोडून' राहायचं ठरलं. घरात जायचं ते फक्त अंघोळीला, जेवायला आणि पाठ धरली तर झोपायला. 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी ते सोडावं कसं, याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, ही त्यांची तक्रार.

एका शनिवारी मी गेलो, तेव्हा वहिनींनी जेवणाच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ओतला होता. एक डोंबिवलीच्या फ्लॅटची; १९८८ साली इकडे येताना कुलूप लावलं, ते अजून तिथंच आहे, आणि शेजारच्या काकू दर दिवाळीला खिडक्या उघडून हवा देतात. एक गुहागरकडच्या घराची, ज्यात नानांचा चौदावा हिस्सा आहे. त्या घराचं छप्पर बसलंय, पण कोयंडा शाबूत आहे. एक ठाण्यातल्या लॉकरची. एक त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या अपार्टमेंटच्या टपालपेटीची, जी परत करायला नाना विसरले आणि नंतर जपू लागले.

"अहो, तुम्ही आजवर एक तरी घर सोडलंय का?" वहिनींनी विचारलं. "नुसतं कुलूप लावून बाहेर पडलाय."

नानांनी किल्ल्या उचलून परत कडीत ओवायला घेतल्या.

त्या दिवशी मला वहिनींच्या बाजूचं कपाट दिसलं. रिकामं. सहा सुती साड्या, दोन स्वेटर आणि कुकर बिऱ्हाडात जाऊन दोन वर्षं झाली होती. बाकीचं त्यांनी कुणाकुणाला देऊन टाकलं, कुणाला न विचारता. निघायचा विचार नानांचा, निघालेल्या मात्र त्या.

आणि बेसमेंट? तिथं वातीचा स्टोव्ह आहे, १९८८ ची सूटकेस आहे, मोठ्याचं शाळेतलं ज्वालामुखीचं मॉडेल आहे, आकाशकंदिलांचे अकरा सांगाडे आहेत आणि दह्याचे रिकामे डबे किती, ते नाना सांगत नाहीत. सामान ठेवायला भाड्याची कोठी घ्यावी म्हणून त्यांनी टेपनं मोजमाप केलं. दहा बाय दहाच्या तीन लागतील असं निघालं. टेपसुद्धा बेसमेंटमधलाच.

शेवटी सुटका केली ती करखात्यानं. राहतं घर विकताना जोडप्याला पाच लाख डॉलरांपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर माफ आहे; हा १९९७ चा कायदा. अट अशी की विक्रीआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेले असायला हवे. नानांनी हे सात वेळा वाचलं आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. "म्हणजे आज बाहेर पडलो, घर भाड्यानं दिलं, आणि तीन वर्षांच्या आत विकलं, तर सवलत जात नाही! तीन वर्षं निर्णय न घ्यायला सरकारची परवानगी आहे!" इतका आनंद त्यांच्या आवाजात मी मुलाच्या लग्नातही ऐकला नव्हता.

जाहिरात त्यांनीच लिहिली: 'मराठी, शाकाहारी, निर्व्यसनी कुटुंबास प्राधान्य.' एजंट बाईंनी ती समजून घेतली आणि सांगितलं की कोण कुठल्या देशातून आलं, कुठल्या धर्माचं, यावरून भाडेकरू निवडणं या देशात १९६८ पासून बेकायदा आहे, आणि जाहिरातीत तसं लिहिणं तर आहेच. नाना दुखावले. "डोंबिवलीत चालतं," एवढंच म्हणाले, आणि ती ओळ पुसली. पुसली म्हणजे करडी केली.

तेव्हा कळवायचं ते असं. एडिसनला चार बेडरूमचं घर १ ऑक्टोबरपासून भाड्यानं आहे. स्टेशन जवळ, शाळा चांगली, गवत कापायचं यंत्र मोफत. भाडेकरू कोणीही चालेल. मालक रविवारी फोन करून बॉयलरची चौकशी करतील, ती सहन करावी. बेसमेंट मिळणार नाही. त्याची किल्ली मालकांकडे आहे.